मथुराबाईंवर कलकत्त्याचा दावा

मथुराबाई माझ्या कसबा पेठेतल्या ऑफिसात पहिल्यांदा आल्या तेव्हा जिने चढून त्यांना धाप लागली होती. तरी खुर्चीला हात लावायच्या आधीच त्यांनी विचारलं, "वकीलीनबाई, मानूस आपल्या घरात उभं ऱ्हाऊन दुसऱ्याच्या गावात गुन्हा करू शकतंय का वो?"

मी म्हटलं, "आधी बसा. माझ्याकडे प्रश्न बसूनच विचारतात."

त्या हसल्या आणि बसल्या. त्यांच्यासोबत आलेली नात, अपेक्षा, मात्र हसली नाही. खराडीच्या एका आयटी कंपनीत नोकरी करणारी ती मुलगी रात्रभर झोपली नसावी. तिने माझ्यासमोर एक जाड पाकीट ठेवलं. त्यात कलकत्त्याच्या दिवाणी न्यायालयाचं समन्स होतं.

मथुराबाईंचं सासरही खराडीचंच. लग्न होऊन आल्या तेव्हा तिथे ज्वारीची शेतं होती. आता त्याच शेतावर अकरा मजली इमारत उभी आहे आणि तिच्या सातव्या मजल्यावर त्या राहतात. "आमची विहीर व्हती ना, तिथं आता लिफ्ट हाय," असं त्या नव्या माणसाला सांगतात, आणि त्यात हळहळ वगैरे काही नसते. त्यांचे मालक, म्हणजे नवरा दशरथराव, सकाळी गॅलरीत बसून खालच्या कंपन्यांच्या बस मोजतात. घरात दोनच माणसांचा स्वयंपाक. एवढ्याशा स्वयंपाकात मथुराबाईंचं मन रमेना.

लॉकडाऊनमध्ये अपेक्षाने एकदा गंमत म्हणून आजीचा भाकरी थापतानाचा व्हिडिओ काढला आणि इंटरनेटवर टाकला. मग दुसरा टाकला. बघता बघता 'मथुरामावशीची चूल' हे चॅनेल झालं. चूल नव्हतीच, गॅसच होता. पण नावात चूल असली की बरं वाटतं, असं अपेक्षाचं म्हणणं. मथुराबाई कॅमेऱ्याकडे बघून बोलत नसत. पलीकडे कुणीतरी ओट्याला टेकून उभं आहे असं धरून त्या बोलत. "तू पीठ जास्त घेतलंस बग," असं त्या मध्येच म्हणत, आणि कुठल्याशा शहरात एखादी मुलगी खरंच दचकून परातीत बघत असे. लोकांना तेच आवडलं.

चॅनेलच्या प्रेक्षकांत कल्याणी नावाची एक मुलगी होती. खडकीची. वडील दारूगोळा कारखान्यात, बालपण तिथल्याच क्वार्टर्समध्ये गेलेलं. लग्नानंतर नवऱ्याची कलकत्त्याच्या एका सरकारी कारखान्यात बदली झाली आणि ती तिकडे गेली. आई लहानपणीच वारलेली. तिकडे मराठीत बोलायला कुणी नाही. ती रोज व्हिडिओखाली लिहायची : "मावशी, आज तुमच्यासारखी आमटी केली, पण चिंच जास्त पडली." मथुराबाईंना वाचायला वेळ लागतो, तरी तिचं लिहिणं त्या स्वतः वाचत आणि अपेक्षाकडून उत्तर लिहून घेत.

याच कल्याणीने एकदा विचारलं, "मावशी, मला भाकरी जमतच नाही. इथल्या 'अन्नरेखा' कंपनीचं भाकरीचं मशीन मिळतंय. घेऊ का?"

मथुराबाईंनी ते मशीन ऑनलाइन मागवलं आणि वापरून दाखवायचा व्हिडिओ केला. सुरुवातच अशी : "कलकत्त्याची कल्याणी इचारती, मावशी हे मशिन घेऊ का. बगू या मग." गोळा ठेवला, झाकण दाबलं, उघडलं. भाकरीचे चार तुकडे. पुन्हा केलं, पुन्हा तुकडे. तिसऱ्या वेळी झाकणाच्या दांडीला हात लागून त्यांचं बोट पोळलं. बोट तोंडात घालून त्या म्हणाल्या, "ह्ये मशिन भाकरी करत न्हाई गं बाई. भाकरीचा पंचनामा करतंय."

ते एक वाक्य देशभर फिरलं. ज्यांना मराठीचा गंध नाही त्यांनीही ते तोडून, खाली भाषांतर लावून पुढे पाठवलं. 'अन्नरेखा'ने अब्रुनुकसानीचा दावा लावला. व्हिडिओ ताबडतोब काढून टाकावा, असा अर्जही जोडला.

समन्स आधी ईमेलवर आलं, मग व्हॉट्सॲपवर. अपेक्षाला वाटलं, हे ते डिजिटल अरेस्टवाले भामटे. तिने नंबर ब्लॉक केला. मग पोस्टमन सही घ्यायला दारात आला, तेव्हा कुठे समन्स खरं असल्याचं कळलं.

"कंपनी कलकत्त्याची, तुम्ही पुण्याच्या," मी समजावून सांगू लागले. "कायद्यात असा दावा दोन ठिकाणी लावता येतो. ज्याच्यावर दावा आहे तो राहतो तिथे, नाहीतर अब्रू जिथे गेली तिथे. पूर्वी हे सोपं होतं. चावडीवर कुणी कुणाला बोललं, तर अब्रू चावडीवरच गेली. वर्तमानपत्रात छापलं, तर पेपर जिथे विकला जातो तिथे गेली. कायदा तेव्हाचा आहे. आता तुमचा व्हिडिओ सगळीकडे दिसतो."

"म्हंजे सगळीकडं दावा लागंल?"

"तोच तर वाद आहे. नुसतं दिसणं पुरेसं नाही, असं कोर्टं अलीकडे म्हणतात. तुम्ही मुद्दाम त्या गावच्या लोकांसाठी बोललात का, हे बघतात."

"आन् ज्यांच्या चॅनेलवर आपन टाकतो ती कंपनी कुठली?"

"अमेरिकेतली," अपेक्षा म्हणाली. "आणि आजी, तिच्याशी भांडायचं झालं तर तिकडच्याच कोर्टात जायचं, असं आपण मान्य करून बसलोय. टिक केलं होतं मी."

मथुराबाई म्हणाल्या, "आमच्या शेताच्या बांधावरनं भावकीत येवडी भांडनं झाली. पन बांध दिसत तरी व्हता."

मला त्या बाई आवडल्या. माझी वकिली जागेचे वाद, भाडेकरू, वाटण्या अशा जमिनीला चिकटलेल्या प्रकरणांवर चाललेली. इंटरनेटचा दावा मीही पहिल्यांदाच घेत होते. पण मनात बेत पक्का होता. या दाव्याची सुनावणी घेण्याचा कलकत्त्याच्या कोर्टाला अधिकारच नाही, हे आधी मांडायचं. ते मान्य झालं तर कंपनीला पुण्यात यावं लागेल, आणि पुण्यात येऊन भांडण्याचा उत्साह भल्याभल्यांचा मावळतो.

मी प्रतिज्ञापत्र तयार केलं आणि आठवड्याने मथुराबाईंना वाचून दाखवलं. "माझे व्हिडिओ मराठीत असून ते पुणे परिसरातील लोकांसाठी आहेत. कलकत्त्यात माझा प्रेक्षकवर्ग नाही. तेथील कोणी व्यक्ती ते पाहत असल्यास तो केवळ योगायोग आहे."

"योगायोग म्हंजे कोन? कल्याणी?"

"हो. कंपनीने तिचाच प्रश्न पुरावा म्हणून लावलाय. तुम्ही व्हिडिओत तिचं आणि तिच्या गावाचं नाव घेतलंत. त्याची धार कमी करायला हवी."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "ह्यावर म्या सही करनार न्हाई."

"का?"

"ती पोर दोन वर्सं माज्याशी बोलती. तिला ताप आला तवा काय खायचं ते मला इचारलं तिनं. आन् म्या लिहून देऊ, की ती माजी कुनी न्हाई? तिच्यासाठीच केला की व्हिडिओ. खोटं कशाला बोलू?"

"मथुराबाई, यात खोटं काही नाही. ही कायद्याची भाषा आहे."

"आसंल. पन कल्याणीला मराठी वाचता येतं."

कल्याणीला दाव्याचं कळलं होतंच, तिने आदल्या रात्री अपेक्षाला फोन करून रडत सांगितलं होतं, "मी माझे सगळे प्रश्न पुसून टाकते, माझ्यामुळे मावशींना त्रास." मथुराबाईंनी फोन हातात घेऊन तिला दम दिला होता : "काही पुसायचं न्हाई. इचारलंस ते बरं केलंस."

मी प्रतिज्ञापत्र पुन्हा लिहिलं. योगायोग काढला. कल्याणी ही परिचित असून तिच्या प्रश्नाला उत्तर दिलं, हे सरळ लिहिलं. मग दुसरी वाट शोधली. कल्याणीचं आधार कार्ड अजून खडकीच्या पत्त्याचं, मतदान खडकीला, रेशनकार्डावर नाव वडिलांकडे. म्हणजे कागदोपत्री ती पुण्याची रहिवासी! पुण्याच्या बाईने पुण्याच्या मुलीला सांगितलं, त्यात कलकत्ता आलं कुठून? मला हा मुद्दा इतका आवडला की घरी यज्ञेश्वरांना, म्हणजे माझ्या यजमानांना, जेवताना दोनदा ऐकवला. ते म्हणाले, "छान आहे. आमटी वाढ."

कलकत्त्यात आमच्या बाजूने दत्तबाबू नावाचे एक वयस्कर वकील उभे राहिले. सुनावणी व्हिडिओवरून होती. मथुराबाई माझ्या ऑफिसात, ठेवणीतलं लुगडं नेसून, लॅपटॉपसमोर हात जोडून बसल्या. पडद्यावर न्यायाधीशबाई दिसल्या तशा त्या उठून उभ्या राहिल्या, आणि पडद्यात फक्त त्यांचं पोट दिसू लागलं. अपेक्षाने त्यांना ओढून खाली बसवलं.

दत्तबाबूंनी माझा रहिवासाचा मुद्दा मन लावून मांडला. न्यायाधीशबाईंनी तो ऐकून घेतला आणि एकच प्रश्न विचारला. "या कल्याणी मागची तीन वर्षं भाजी कुठे घेतात?"

दत्तबाबू म्हणाले, "इथेच, मॅडम. दमदमला."

"मग त्या इथे राहतात. आधार कार्ड कुठलं का असेना."

कंपनीच्या वकिलांनी व्हिडिओची सुरुवात लावून दाखवली. 'कलकत्त्याची कल्याणी इचारती.' तेवढं पुरलं. निकाल आला : प्रतिवादीने कलकत्त्यात राहणाऱ्या व्यक्तीला उद्देशून, कलकत्त्यात मिळणाऱ्या वस्तूबद्दल विधान केलं, तेव्हा हा दावा या न्यायालयाच्या हद्दीत येतो.

आम्ही हरलो होतो. अपेक्षा रडवेली झाली. मला स्वतःचा राग आला होता आणि थोडा मथुराबाईंचाही. त्या मात्र विचारत होत्या, "म्हंजे आता तिकडं जावं लागंल?"

"जायची गरज नाही. असंच इथून बोलता येईल."

"न्हाई, म्या जानार. आपल्यावर जिथं फिर्याद झाली त्ये गाव बगायला नको?"

जेजुरी आणि आळंदी सोडून लांब कुठे न गेलेली ही बाई कलकत्त्याला निघाली. दशरथरावांनी विरोध केला नाही. ते म्हणाले, "जा, पन रस्सा करून जा." अपेक्षाने सुट्टी काढली. मला जायची गरज नव्हती. दत्तबाबू समर्थ होते. तरी मी गेले. का गेले हे यज्ञेश्वरांनी विचारलं नाही, आणि ते बरंच झालं.

हावडा स्टेशनवर कल्याणी घ्यायला आली होती. ती आणि मथुराबाई एकमेकींना कधी भेटल्या नव्हत्या. कल्याणी वाकून नमस्कार करायला गेली तर मथुराबाईंनी तिचे दोन्ही दंड धरून तिला उभं केलं आणि पहिलंच वाक्य म्हणाल्या, "किती वाळलीस गं. व्हिडिओत दिसत न्हाईस, म्हनून मला वाटलं जाड असशील." कल्याणी रडत होती आणि हसत होती. हमाल ओरडत होते, आम्ही वाटेत उभ्या होतो, आणि मला माझी बॅग सापडत नव्हती.

आम्ही तिच्याच क्वार्टरमध्ये उतरलो. संध्याकाळी मथुराबाईंनी तिला भाकरी शिकवली. हातात हात धरून. व्हिडिओतून दोन वर्षांत जमली नव्हती ती चौथ्या गोळ्याला जमली. "पानी तुज्या हाताला कळतच नव्हतं," मथुराबाई म्हणाल्या. "त्ये कॅमेऱ्यातनं कसं कळनार?" अपेक्षाने फोन काढला तर त्यांनी तो बाजूला ठेवायला लावला.

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ काढून टाकण्याच्या अर्जावर सुनावणी होती. दत्तबाबूंनी युक्तिवाद केला : पूर्ण चित्रीकरण सलग आहे, कुठे काटछाट नाही, जे घडलं तेच दाखवलंय, आणि मत मांडणं म्हणजे बदनामी नव्हे. मग त्यांनी विनंती केली, की प्रतिवादी स्वतः आल्या आहेत, त्यांना दोन शब्द बोलू द्यावेत. न्यायाधीशबाईंनी परवानगी दिली. मथुराबाई मराठीत बोलणार आणि कल्याणी हिंदीत सांगणार असं ठरलं.

न्यायाधीशबाईंनी विचारलं, "कंपनी म्हणते, तुमच्या बोलण्याने त्यांचं नुकसान झालं. व्हिडिओ काढून टाकायला तुमची हरकत काय?"

मथुराबाईंनी आधी कल्याणीकडे पाहिलं. "बाई, म्या त्या मशिनला शिव्या दिल्या न्हाईत. भाकरी मोडली ती दाखवली. बोट पोळलं त्ये दाखवलं. ही पोर त्ये मशिन घेनार व्हती. तिनं मला इचारलं आन् म्या गप बसले असते, तर तिचं बोट पोळलं असतं. ती हितं राहती म्हनून तुमी मला हितं बोलावलं. मला ती गोष्ट मान्य हाय. पन मग तिला खरं सांगायचं, त्येबी हितंच व्हायला नको का?"

कल्याणीने पहिली वाक्यं नीट सांगितली. शेवटचं वाक्य तिने दोनदा सांगितलं. कंपनीचे वकील काहीतरी हरकत घ्यायला उठले होते. ते तसेच उभे राहिले, मग बसले. न्यायाधीशबाई लिहीत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "आता बोट कसं आहे?"

"बरं हाय," मथुराबाई म्हणाल्या आणि बोट वर करून दाखवलं.

पुढच्या आठवड्यात, आम्ही पुण्याला परतल्यावर, आदेश आला. व्हिडिओ काढण्याचा अर्ज फेटाळला होता. वापरून पाहिलेल्या वस्तूबद्दलचं ते प्रामाणिक मत आहे असं प्रथमदर्शनी दिसतं, असं कोर्टाने म्हटलं. 'पंचनामा' या शब्दावर कंपनीचा फार जोर होता; त्याबद्दल आदेशात एवढंच होतं, की विनोद आवडला नाही म्हणून तो बदनामी ठरत नाही. मी हे वाक्य मथुराबाईंना फोनवर दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा माझ्याच समाधानासाठी.

मूळ दावा तरी उरलाच होता. पण तीन-चार तारखांनंतर कंपनीने तो मागे घेतला. कारण दिलं नाही. त्यांच्या मशीनच्या दांडीला आता प्लॅस्टिकचं आवरण आलंय असं अपेक्षाने कुठेतरी पाहिलं. त्याचा आमच्याशी संबंध आहे असं कंपनी म्हणत नाही, आणि मीही म्हणणार नाही. वकील आहे मी.

दावा निकालात निघाल्याचं सांगितलं तेव्हा मथुराबाई खूश व्हायच्या ऐवजी थोड्या नाराजच वाटल्या. "म्हंजे आता तारीख न्हाई?"

"नाही. सुटलात."

"बरं," त्या म्हणाल्या, "पन मग कलकत्त्याला जायला निमित्त न्हाई की वो राहिलं."

निमित्त मिळालं. चार महिन्यांनी कल्याणीने कळवलं, की तिला दिवस गेलेत. डॉक्टरांनी प्रवास नको म्हणून सांगितलंय, आणि सासूबाई गुडघ्याने बेजार, येऊ शकत नाहीत. तिने काही मागितलं नव्हतं, फक्त कळवलं होतं. मथुराबाईंनी त्या दिवशीच डिंक आणि खारीक आणायला दशरथरावांना पिटाळलं.

बाळंतपण जवळ आल्यावर त्या निघाल्या; जाताना त्या आणि त्यांना पोचवायला जाणारी अपेक्षा माझ्याकडे येऊन गेल्या. सोबत माझ्यासाठी लाडवांचा डबा होता. अपेक्षा कुरकुरत होती : दोन महिने चॅनेलवर काही टाकायला मिळणार नाही, लोक विसरून जातील. मथुराबाई म्हणाल्या, "इसरू दे. बाळंतपन काय फोनमदनं करता येतं का?"

मी त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेले. उतरताना त्या एक एक पायरी जपून उतरत होत्या आणि अपेक्षाला सांगत होत्या, की रेल्वेत डबा वरच्या बर्थवर ठेवायचा नाही, मुंग्या लागतात.

मुलगी झाली. कल्याणीने बाळाचा आणि मावशीचा फोटो पाठवला. मथुराबाई खुर्चीत बसल्या आहेत, बाळ मांडीवर आहे, आणि त्यांचं कॅमेऱ्याकडे लक्षच नाही.